पाइपाच्या पुढे चालत जा: प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडताना पाणवठे आणि माळरान कसं जपायचं (सोलापूर परिसरासाठी)

सोसायटीच्या एसटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची) जबाबदारी अंगावर आली, ग्रामपंचायतीत सांडपाण्याचं काम मिळालं किंवा एखाद्या सूत-कापड रंगवणाऱ्या डाइंग युनिटच्या ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पावर) नेमणूक झाली, की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली जाते: आउटलेटचा रिपोर्ट पास झाला पाहिजे. तो झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण रिपोर्ट पाइपाच्या तोंडाशी संपतो, पाणी मात्र पुढे जात राहतं. ते कुठल्या डोहात थांबतं, कुठल्या काठाला भिजवतं, तिथे कोण राहतं, हे रिपोर्टात कुठेच नसतं.

हे मला उशिरा कळलं. ऐन मे महिन्यात, तपासणी येणार म्हणून एका प्लांटवर मीच क्लोरीनचा डोस दुप्पट करायला सांगितला होता. आउटलेटचा नमुना उत्तम आला. दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या किलोमीटरवरच्या डोहात मासे उलटे तरंगत होते आणि काठावर वंचक बगळे त्यांना टोचत होते. त्या दिवसापासून कुणी नवीन माणूस कामाला आला, की मी त्याला आधी प्लांट दाखवत नाही, नाला दाखवतो. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: पाण्यामागे चालत जा

एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, सकाळी सहाला निघा. आउटलेटपासून किमान दोन किलोमीटर पाण्याच्या कडेने चाला. उन्हाळाच निवडायचा, कारण आपल्याकडे पावसाचे चार महिने सोडले तर बहुतेक ओढे-नाले कोरडे असतात. मग नाल्यात जे वाहतं ते सगळं तुमचंच असतं. ऑगस्टमध्ये गेलात तर तुमचा वाटा पावसाच्या पाण्यात लपून जातो.

ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. सांडपाण्यासाठी आकडे ठरवण्याची रूढ पद्धत ब्रिटनच्या रॉयल कमिशनच्या १९१२ च्या अहवालापासून चालत आली आहे. तिथे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू जो प्राणवायू वापरतात त्याचं माप) लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवताना एक गोष्ट गृहीत धरली होती: नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असेल. आपल्या नाल्यात मेमध्ये आठपट सोडा, एकपटही स्वच्छ पाणी नसतं. म्हणजे कागदावर चालणारं पाणी इथे अपुरं शुद्ध ठरू शकतं.

चालताना वहीत साधा नकाशा काढा. पाणी कुठे खळखळतं, कुठे थांबतं, कुठे जलपर्णी आहे, कुठे जनावरं पाणी पितात, कुठे शेतकऱ्याने मोटार टाकली आहे. मग तालुक्याच्या नकाशावर पुढचा रस्ता लावा. एकरूख म्हणजे आपला हिप्परगा तलाव आदिला नदीवर आहे. आदिला सीनेला मिळते आणि सीना कुडलला भीमेला. हत्तरसंग-कुडलच्या त्या संगमावर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक जिथे आहे, तिथल्या घाटापर्यंत आपलं पाणी पोचतं, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

दुसरी पायरी: पाणी घेणारी जागा ओळखा

सोलापूर परिसरात ढोबळमानाने तीन प्रकारच्या जागा पाणी घेतात. तिघींचे नियम वेगळे.

पहिली साचलेल्या पाण्याची: संभाजी तलाव (आपला कंबर तलाव), सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा, गावोगावचे पाझर तलाव. इथे आलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस बाहेर जायला वाटच नसते. ते वर्षानुवर्षं साठत जातं आणि जलपर्णी व शेवाळाच्या रूपाने वर येतं. अशा तलावात प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा थेट सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाहत्या पाण्याची: नाला, ओढा, नदी. इथे थोडी सवड असते, पण बंधाऱ्यामागे पाणी अडलं की तोही तलावच समजायचा.

तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: कोरडं माळरान. शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. नंतर सीमा आखडून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर उरलं. माळढोक, काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल ही सगळी कोरड्या, आखूड गवताची मंडळी. कुसळी आणि पवन्याचं गवत मोकळ्या उन्हात वाढतं, त्याला बारमाही ओल नको असते.

आता कुणाला वाटतं, माळ तर ओसाड पडला आहे, तिथे प्रक्रिया केलेलं पाणी सोडलं तर हिरवळ येईल आणि प्राण्यांना प्यायलाही मिळेल. हेतू चांगला असतो. पण बारमाही ओल आली की आधी विलायती बाभूळ येते. तिच्या दाट काट्यांत माळढोकासारख्या पक्ष्याला दूरवर दिसेनासं होतं, आणि दूरवर दिसणं हाच त्याचा जीव वाचवण्याचा उपाय असतो. पाण्यापाठोपाठ ऊस येतो, कुत्री येतात, माणसांची वर्दळ वाढते. टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त असलेलं पाणी काळ्या जमिनीत मुरलं तर खारवट चट्टे पडतात ते वेगळंच. तेव्हा माळाजवळ प्लांट असेल तर तिकडे उतार काढू नका. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी माळावर ते घुसखोरच असतं.

तिसरी पायरी: परवानग्या

हे थोडक्यात सांगतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र लागतं. ते हातात घेऊन ओळ न् ओळ वाचा. किती पाणी, कुठे सोडायचं, कुठे वापरायचं, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि तुमच्यापुरती तीच मर्यादा अंतिम. सर्वसाधारण मानकांत भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडण्यासाठी बीओडी ३०, सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज) २५०, अमोनियाकल नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातलं नायट्रोजन) ५० आणि शिल्लक क्लोरीन १ मिलिग्रॅम प्रतिलिटर असे आकडे आहेत. संमतिपत्रात याहून कडक आकडे असू शकतात.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम प्रक्रिया न केलेलं सांडपाणी अशा जागांत सोडायला मनाई करतात. मात्र पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. आपल्याकडचे बहुतेक पक्षीसमृद्ध पाणवठे बांधलेलेच आहेत. म्हणून ‘हा तलाव पाणथळ यादीत नाही’ असं कुणी म्हटलं तर त्याचा अर्थ मोकळीक असा घेऊ नका. १९७४ चा कायदा तिथेही लागू आहेच.

अभयारण्याच्या हद्दीजवळ असाल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २९ वाचा. अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा *वाढवणं* यालाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वाढवणं हा शब्द अधोरेखित करून ठेवा. आपलं काम तिथेच अडकू शकतं.

चौथी पायरी: बीओडीपलीकडचं पाणी समजून घ्या

अमोनियापासून सुरुवात करू, कारण सोलापूरच्या उन्हात तोच सर्वांत घातक ठरतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरा मुक्त अमोनिया, जो माशांच्या कल्ल्यांना थेट जाळतो. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी मुक्त असतो. पीएच ८ ला सुमारे साडेसात टक्के. पीएच ९ ला जवळपास ४५ टक्के. आता तलावाकडे बघा. शेवाळ दिवसभर उन्हात कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे दुपारी पीएच सहज नऊच्या आसपास जातो. सकाळी दहा वाजता घेतलेल्या नमुन्यात जो अमोनिया बिनधास्त वाटला, तोच दुपारी तीनला तलावात विष होतो. प्लांट तोच, पाणी तेच, रिपोर्टही तोच.

उपाय प्लांटमध्येच आहे. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू हळू वाढतात आणि त्यांना सतत हवा लागते. एरेशन टाकीत, म्हणजे जिथे ब्लोअरने हवा सोडतात तिथे, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकला पाहिजे. विजेचं बिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. बीओडी कसाबसा सांभाळला जातो, अमोनिया मात्र तसाच बाहेर पडतो. गाळही सगळा एकदम काढून टाकू नका, कारण हे जीवाणू त्यातच असतात.

दुसरा क्लोरीन. मानक १ मिलिग्रॅमपर्यंत परवानगी देतं. पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी जी दीर्घकालीन सुरक्षित पातळी सुचवली आहे ती ०.०११ मिलिग्रॅम आहे, म्हणजे नव्वदपट कमी. माझ्या त्या डोहात काय झालं असेल, हे या दोन आकड्यांवरून समजतं. म्हणून पाणी जर कुठल्याही जिवंत पाणवठ्याकडे जाणार असेल तर क्लोरीन काढूनच सोडा. जागा असेल तर उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हात ठेवणं सर्वांत सोपं. जागा नसेल तर सोडियम मेटाबायसल्फाइट, एक भाग क्लोरीनला साधारण दीड भाग, आणि नंतर पाणी एखाद्या पायऱ्यांवरून खेळवून सोडा. कारण हे रसायन जास्त झालं तर प्राणवायूही खाऊन टाकतं. नवीन प्लांट बसवत असाल तर क्लोरीनऐवजी यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारण्याचा, आग्रह धरा.

डाइंगच्या पाण्याबद्दल सोलापुरात वेगळं सांगायला नको. चादर आणि टॉवेलवर हे शहर उभं आहे. रंग उतरवला तरी रंगकामात वापरलेलं मीठ साध्या ईटीपीत जात नाही. रंग काढलेलं, काचेसारखं पाणी खारट असू शकतं. टीडीएस मीटर हजार रुपयांच्या आत मिळतो, तो खिशात ठेवा. शिवाय गरम पाणी सरळ सोडू नका: मानकाप्रमाणे ते घेणाऱ्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नसावं, आणि ३५ अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो.

फॉस्फरससाठी तुरटी किंवा फेरिक क्लोराइडचा डोस लागतो. तलाव जवळ असेल तर हा खर्च टाळू नका. जलपर्णी काढण्याच्या टेंडरपेक्षा तो स्वस्त पडतो.

पाचवी पायरी: आधी वापरा, मग मुरवा, मग सोडा

ज्या शहराने वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येताना पाहिलं आहे, तिथे सोडायला पाणी शिल्लक राहणं हेच खरं तर आश्चर्य. बाग, रस्त्याच्या दुभाजकातली झाडं, बांधकाम, फ्लशिंग यांना आधी द्या. मोठ्या पातळीवर हा विचार धोरणात आला आहे: २०१६ च्या वीजदर धोरणानुसार, सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्राने प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक आहे.

मात्र एक सावधगिरी. नाल्यात वर्षानुवर्षं तुमचंच पाणी वाहत असेल आणि त्यावर एखादा डोह, पाणकणिसाचं बेट, कासवं, मासे जगत असतील, तर सगळं पाणी एका दिवसात वळवू नका. तो डोहही आता एक अधिवास आहे. थोडा प्रवाह ठेवून दोन-तीन हंगामांत कमी करत जा, आणि वनखात्याला आधी कळवा.

उरलेल्या पाण्यासाठी खडी-पाणकणिसाची गाळणी बांधता येते. माप काढायला अवघड नाही. माणशी १३५ लिटर पाण्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर सव्वानऊशे माणसांच्या वसाहतीतून रोज साधारण १०० घनमीटर पाणी येतं. ते तीन दिवस खडीत थांबवायचं तर ३०० घनमीटर पोकळी हवी. खडीत पोकळी सुमारे ४० टक्के, म्हणजे खडीचा थर ७५० घनमीटर. खोली ६० सेंटिमीटर धरली तर १,२५० चौरस मीटर, म्हणजे सव्वाबारा गुंठ्यांच्या आसपास.

खाली शेततळ्याचा प्लास्टिक कागद अंथरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि कागद नसला तर पाणी वाट फुटेल तिकडे जातं. पाणी जिथे शिरतं तिथे जाड खडी, पुढे बारीक. पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या थोडं खाली राहू द्या, म्हणजे डास होत नाहीत. पाणकणीस आणि कर्दळ दोन्ही आपल्या हवेत चांगली येतात. गाळ असलेलं पाणी आत घेऊ नका, वर्षभरात खडी तुंबते. कापणी जानेवारी-फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात पाणकणिसात सुगरण आणि पाणकोंबड्या घरटी करतात, तेव्हा विळा लावू नका. कापलेलं काठावर टाकलं तर सगळं पोषण पुन्हा पाण्यात जातं, म्हणून ते लांब नेऊन कंपोस्ट करा.

सहावी पायरी: किती आणि केव्हा

पाणी सावकाश आणि सारखं सोडायचं. दिवसभर साठवून संध्याकाळी पंपाने एकदम उपसलं तर खालच्या गाळपेरीत आणि वाळूच्या उंचवट्यांवर पाणी चढतं. मार्च ते जून हा टिटवी, शेकाट्या, नदी सुरय यांच्या घरट्यांचा काळ. घरटं म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. दहा सेंटिमीटर पाणी चढलं की सगळं संपतं. या महिन्यांत पंपाचं टायमिंग लहान लहान फेऱ्यांत वाटून द्या.

ऑक्टोबर ते मार्च पाहुणे पक्षी येतात. उजनीच्या जलाशयावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, आपल्या छोट्या तलावांवर बदकं आणि तुतवार. तुतवारांना घोट्याएवढंही नाही, बोटभर पाणी आणि ओला चिखल लागतो. या काळात काठाची पातळी स्थिर राहिली तर त्यांचं अन्न टिकतं. टाकी धुणं, गाळ उपसणं, नवीन रसायनाची चाचणी ही सगळी कामं पावसाळ्याच्या मध्यावर करा, जेव्हा नाल्याला स्वतःचं पाणी असतं. त्या धुण्याचं पाणीही प्लांटमध्येच परत घ्या.

सातवी पायरी: नोंद ठेवा

लॉगबुकात दोन रकाने वाढवा. एक, पहाटे सहाचा डोहातला प्राणवायू. शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरतं, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते आणि त्या वेळी कुणीच मोजत नाही. आकडा लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली यायला लागला तर प्लांटमध्ये शोध घ्या. दुसरा रकाना पक्ष्यांचा. आठवड्यातून एकदा, त्याच जागी, त्याच वेळी, अर्धा तास. जवळच्या पक्षीनिरीक्षकांना सोबत घ्या, सोलापुरात ते भरपूर आणि मनापासून मदत करणारे आहेत.

मोजताना एका फसवणुकीपासून सावध राहा. आउटलेटपाशी शेकाट्यांचा थवा दिसला म्हणून पाणी चांगलं आहे असं लिहू नका. सांडपाण्याच्या चिखलात लाल अळ्या माजतात आणि शेकाटे, वंचक त्या खायला गर्दी करतात. नोंद संख्येची नको, प्रकारांची हवी. मासे नजरेने टिपणारे खंड्या आणि नदी सुरय, बुडी मारणारी टिबुकली, पाणवनस्पती खाणारे वारकरी पक्षी आणि हळदी-कुंकू बदकं हे हळूहळू दिसेनासे होऊन नुसते शेकाटेच उरले, तर पाणी बिघडलं आहे, थवा कितीही मोठा असो.

आणि कधी पक्षी मरून पडलेले दिसले तर? मान लुळी पडलेले, पंख ओढत चालणारे पक्षी उथळ, गरम, साचलेल्या पाण्याजवळ दिसले तर बोट्युलिझमची (जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या लकव्याची) शंका घ्यायची. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर याच रोगाने अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. मेलेल्या पक्ष्यावर वाढणाऱ्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि साखळी चालू राहते, म्हणून मृत पक्षी लवकर उचलले जाणं फार महत्त्वाचं असतं. पण उघड्या हाताने स्वतः उचलू नका. १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा, पशुसंवर्धन खात्याला कळवा, आउटलेट बंद करून पाणी टाकीत वळवा. वनखात्याची माणसं येईपर्यंत आउटलेटचा आणि डोहाचा असे दोन नमुने स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फात ठेवा, बाटलीवर वेळ लिहा. आदल्या दोन दिवसांतलं लॉगबुक, डोस आणि ब्लोअरच्या वेळांसह, जसं आहे तसं त्यांच्या हातात द्या.